पान १४ चुकलंय

“बाई, तुमची गोष्ट वाचून मुलांनी तीन पिल्लं वाचवली. आता त्यांचं काय करायचं?”

मार्चमधली सकाळ. फोन गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेतून होता. पंधरवड्यापूर्वीच मी तिथे जाऊन आले होते. शिक्षिकेच्या आवाजात कौतुक होतं. माझ्या पोटात मात्र गोळा आला. पिल्लं कुठे पडली होती, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, “पडली नव्हती. घरट्यातच होती. पण मांजर येईल म्हणून यांनी आधीच काढून आणली.”

ही करणी माझी होती. मी मुलांसाठी लिहिते. माझ्या चोवीस पानी चित्रपुस्तकात एका मुलाला बुलबुलाचं पिल्लू सापडतं, तो ते घरी आणतो, ड्रॉपरने दूध पाजतो, कापसात झोपवतो आणि एके दिवशी ते खिडकीतून भुर्रकन उडून जातं. पान १४ वर तो मुलगा पिल्लू दोन्ही तळव्यांत धरून उभा आहे. चित्र इतकं गोड आहे की प्रकाशकाने तेच मुखपृष्ठावरही घेतलं.

आता खरं सांगते. ती गोष्ट माझ्या लहानपणची आहे, आणि ते पिल्लू तिसऱ्या दिवशी मेलं होतं. आजीने परड्यात लिंबाच्या झाडाखाली पुरलं. लिहिताना मी शेवट बदलला. मुलांच्या पुस्तकात मरण कशाला, असं तेव्हा वाटलं. दुधाने ते मेलं असेल, हे तेव्हा ठाऊक नव्हतं आणि लिहिताना मी कुणाला विचारलंही नाही. पक्ष्यांची पिल्लं दूध पचवू शकत नाहीत. बुलबुल आपल्या पिल्लांना किडे-अळ्या भरवतो.

म्हापशाहून स्कूटरने पोचेपर्यंत साडेबारा झाले. व्हरांड्यात बुटांचा खोका, खोक्यात कापूस, कापसावर दुधात भिजवलेल्या पावाचे तुकडे. मधल्या सुट्टीच्या पाव-भाजीतला पाव होता तो. एक पिल्लू केव्हाच थंड पडलं होतं, घशात पाव अडकलेला दिसत होता. उरलेल्या दोघांची चोच उघडी होती, पंखांवर पिसं फुटलेली, शेपटीचा जेमतेम ठिपका. चौथीतला एक मुलगा खोक्याजवळून हलायला तयार नव्हता. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

वाटेत थांबून वनखात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोन केला होता. त्यांनी सांगितलं ते असं: जिथून उचलली तिथेच नेऊन ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतो, ही निव्वळ समजूत आहे. घरटं मोडलं असेल तर त्याच झाडाला दुसरं काहीतरी वाटीसारखं बांधा, खाली भोकं पाडा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि मग तिथून दूर व्हा. घरटं मोडलेलंच होतं, कारण पोरांनी फांदीसकट कापून आणलं होतं. मग नारळाची करवंटी घेतली, शिक्षिकेने कंपासच्या टोकाने तिच्या डोळ्यात भोक पाडलं, आत वाळकं गवत घातलं आणि सुंभाने ती जास्वंदीला बांधली. घरटं होतं ती जास्वंद त्या चौथीतल्या मुलाच्याच घरची. त्याची आई म्हणाली, “सकाळधरून ती दोगां सवणीं हांगा आड्डटात.” म्हणजे पिल्लांचे आईबाप सकाळपासून ओरडत होते. पोरांना तो आवाज ऐकू आला होता, पण त्यांना वाटलं मांजराला ओरडतायत.

आम्ही बारा-तेरा जण आंब्याखाली बसलो. मुलांना गप्प बसवणं ही मोठी शिक्षा असते, पण त्या दिवशी कुणी चुळबूळ केली नाही. पाचएक मिनिटांत एक बुलबुल वईवर येऊन बसला, उडाला, परत आला. अर्ध्या तासाच्या आत चोचीत हिरवी अळी घेऊन करवंटीच्या कडेवर उतरला. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बुलबुलाकडे बघत होता.

त्या दिवसानंतर मी शाळांत बोलायची माझी पद्धत मोडून टाकली.

आता वर्गात गेल्या गेल्या पुस्तक फळ्याला टेकवून ठेवते आणि सांगते: “हे पुस्तक मी लिहिलंय आणि यात एक पान चुकलंय. शोधा.” मुलांना हा खेळ भलताच आवडतो. छापलेल्या पुस्तकात चूक असते आणि ती खुद्द लिहिणारीच कबूल करते, हे त्यांना नवीन असतं. शिक्षकांना थोडं अवघडल्यासारखं होतं. एका मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलंही, मग हे पुस्तक मुलांना विकता कशाला? विकत नाही, आता वाटते. पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती प्रकाशकाकडून मीच उचलल्या. दुसऱ्या आवृत्तीत पान १४ वर तोच मुलगा आहे, पण तो आंब्याखाली उकिडवा बसलाय आणि पिल्लू जास्वंदीत. चित्रकाराने कुरकुर केली. त्याच्या मते मुलगा काहीच करत नसेल तर ते चित्र कसलं.

त्याची तक्रार मला मनापासून पटते. खरी अडचण तीच तर आहे. गोष्टीला नायक लागतो आणि नायकाने काहीतरी करावं लागतं. वन्यजीव वाचवण्याच्या कामात दहापैकी सात-आठ वेळा उत्तम काम म्हणजे मागे सरकणं, इतरांना मागे सारणं आणि योग्य माणसाला फोन करणं. हे सात वर्षांच्या मुलाला रंगवून कसं सांगायचं, यातच माझी गेली काही वर्षं गेली.

शाळेत शिरायचा रस्ता तसा सरळ आहे. भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग मुख्याध्यापकांशी तारीख ठरवणं. ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात सगळ्यांनाच मी हवी असते, जुलैत कुणालाच नको असते. माझा कल जुलैकडे, कारण साप, बेडूक, खेकडे सगळं तेव्हाच बाहेर असतं. सत्तरी, सांगे, काणकोण भागांत कितीतरी शाळा एकशिक्षकी आहेत. पहिली ते चौथी एकाच खोलीत, पट दहा-बाराचा. तिथे मी गेले की शिक्षिकेला तासभर रजिस्टरं पुरी करायला मिळतो, म्हणून माझं स्वागत जरा जास्तच होतं. माझी हरकत नाही.

शहरातल्या एका शाळेचा अनुभव मात्र सांगायलाच हवा. फोनवर सगळं ठरलं आणि शेवटी विचारणा झाली, “साप कितीसे आणणार?” मी म्हटलं, एकही नाही. तिकडे शांतता. मग, “निदान एक अजगर? मुलांच्या गळ्यात घालून फोटो काढता येतील.” जिवंत सापांचे असे खेळ करायला कायद्याने मनाई आहे, हे सांगितल्यावर माझ्या जागी दुसऱ्याच कुणालातरी बोलावलं गेलं. त्याने काय नेलं, मला ठाऊक नाही. गावच्या शाळेतही पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात, “टीचर, किरडूं हाडलां?” पण ते विचारणं वेगळं. त्यांच्या घरामागे किरडू रोजच असतं.

मी नेते ती काथ्याची दोरी. वर्गात ती जमिनीवर नागमोडी टाकते आणि विचारते, हा साप समजा, तुम्ही कुठे उभे राहाल? सगळे टाळ्या पिटत दोरीजवळ येतात. मग सांगते की साप सहसा आपल्या लांबीच्या निम्म्याहून लांब झेपावत नाही. दोरी मोजायची, तिच्या दुप्पट अंतरावर खडूने रेघ मारायची आणि सगळ्यांनी रेघेमागे जायचं. एकाचं काम सापाकडे नजर ठेवणं, म्हणजे तो कुठे शिरला ते कळतं. दुसऱ्याने मोठ्या माणसाला हाक मारायची, तिसऱ्याने कुत्रा बांधायचा. काठी कुणीच आणायची नाही. पोरं हे नाटक चार-चार वेळा करतात आणि प्रत्येक वेळी दोरी व्हायला कुणीतरी तयार असतं.

पेडण्यातल्या एका शाळेशेजारी सातेरीचं देऊळ आहे. गाभाऱ्यात वारूळ, आपण रोयण म्हणतो ते. तिथल्या मुलांना मी विचारलं, हे घर कुणी बांधलं? सगळे म्हणाले, नागाने. नागाला ना हात ना पाय, तो कसला बांधतो. बांधतात वाळव्या, तोंडात मातीचा एकेक कण धरून. नाग नंतर येतो, भाडं न देणारा भाडेकरू. देवळातल्या भटजींचा नातू वर्गात होता. मला धाकधूक वाटली, पण तो सगळ्यात मोठ्याने हसला आणि नंतर एवढंच म्हणाला, “पण पूजा वाळवीची की नागाची?” सातेरी म्हणजे भूमी, तेव्हा दोघांचीही, असं काहीतरी मी म्हटलं. त्याचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा चांगला होता.

चावण्याविषयी मी थोडकंच सांगते, कारण भीती घालायची नसते. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि इस्पितळ गाठायचं. आपल्याकडचं विषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं, आणि ते इस्पितळातच मिळतं, कुणाच्या मंत्रात नाही. मण्यारीचं तेवढं जास्त सांगते. ती रात्री हिंडते, तिचा दंश फारसा दुखत नाही, कधी कधी खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात. सांग्यातल्या एका मुलीने घरी जाऊन त्याच दिवशी आजीची मच्छरदाणी खोचली, असं तिच्या शिक्षिकेने कळवलं. इतकी सभागृहं गाजवली असती तरी एवढा आनंद झाला नसता.

बेडकांचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा मी गोंधळले. पहिल्या पावसात शेतात कोण ओरडतं, असं मी विचारत होते. एक पोरगा ताठ उभा राहून म्हणाला, “आमचो काका बेबे धरता. बॅटरी मारून. एका रातीक पोतें भरता!” वर्ग खो-खो हसला, शिक्षिका लालबुंद. बेडूक पकडणं, विकणं, खाणं गुन्हा आहे आणि तरी ‘जंपिंग चिकन’ म्हणून ते ताटात येतं, हे गोव्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी तिथे गुन्हा हा शब्द उच्चारला असता तर त्या मुलाने पुन्हा तोंड उघडलं नसतं, आणि घरी काकाचा मार खाल्ला असता तो वेगळाच. मी त्याला विचारलं, धरलेल्यातले पिवळे किती होते? “बरेच. गळ्याकडेन निळे.” त्याने बरोबर पाहिलं होतं. पावसाच्या सुरुवातीला नर बेडूक लिंबासारखा पिवळा होतो आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून मादीला हाका मारतो. म्हणजे काका लग्नाच्या मांडवातूनच नवरा-नवरी उचलतो, मी म्हटलं. अंडी घालायच्या आधीच. मग पुढच्या वर्षी ओरडणार कोण, आणि शेतातले किडे कोण खाणार? मुलगा थोडा वेळ विचारात पडला. “काकाक सांगतां,” म्हणाला. काकाने काय केलं ते मला कधीच कळलं नाही.

फोंड्यातला प्रसंग त्याहून अवघड. घोरपडीचं चित्र दाखवत होते. घोरपड अंगणात आली तर घाबरू नका, ती उंदीर आणि किडे खाते, वगैरे. मागच्या बाकावरची एक मुलगी हात वर करून उभी राहिली. आवाज इतका बारीक की मला जवळ जावं लागलं. “आमगेर घुमट आसा. घोरपडीच्या कातीचें. आज्यालें. पुलीस येतले?”

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीत घुमट वाजलं नाही असं घर फोंड्यात शोधावं लागेल. मातीचं मडकं, दोन्हीकडे उघडं, मोठ्या तोंडाला कातडं ताणून लावलेलं. ते कातडं पूर्वापार घोरपडीचंच असायचं. वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आली आणि घुमट लपतछपत वाजायला लागलं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ते बकरीच्या कातड्याच्या घुमटाला. जुने वाजवणारे म्हणतात, नाद तो नाही. मलाही फरक कळतो, खोटं कशाला बोलू. आमच्याही घरी आजोबांचं एक होतं.

त्या मुलीला काय सांगायचं? काहीच होणार नाही, असं म्हणणं खोटं. आजोबा गुन्हेगार आहेत, असं म्हणणं क्रूर. मी सांगितलं की आजोबांनी ते मढवलं तेव्हा जगात घोरपडी खूप आहेत असं सगळ्यांना वाटत होतं. पुढच्या खेपेला कातडं फाटलं की बकरीचं लावा. कायद्याचं काय ते बाबांनी वनखात्यात जाऊन विचारावं, पोरांनी त्याची काळजी करायची नाही. तिला ते कितपत पटलं, देव जाणे. तेवढ्यात शेजारच्या मुलाने बाकावरच आरतीचा ठेका धरला, दुसऱ्याने कंपासपेटीची झांज केली आणि माझं घोरपडपुराण तिथेच संपलं.

मोरजीच्या शाळेत मला शिकवण्यासारखं फार नव्हतं. तिथल्या पोरांनी कासवाची पिल्लं पाण्याकडे जाताना माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलीत. मी पिंगपाँगचा चेंडू दाखवून अंड्याचा आकार सांगितला तर एकाने सुधारलं की खरं अंडं मऊ असतं, दाबलं की खड्डा पडतो. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं, आणि वाळू जास्त तापली तर मादी जास्त, हे शेवटचं तेवढं त्यांना नवं होतं. बाकी वेळ त्यांनीच मला किनाऱ्यावरच्या दिव्यांविषयी सांगितलं. पिल्लं समुद्राऐवजी शॅकच्या उजेडाकडे चालत जातात. हे सांगणाऱ्याच्याच बापाचा शॅक होता.

सत्तरीत मात्र मी अजून कच्ची आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विष घातलेलं. वाघाने गुरं मारली होती, म्हणून. तेव्हापासून त्या भागातल्या शाळांत वाघाचं नाव काढलं की वर्ग गप्प होतो. व्याघ्र प्रकल्प करा, असं २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितल्यापासून तर घराघरांत तोच विषय, आपल्याला उठवणार का, हा. मी तिथे वाघ टाळते आणि गव्यावर बोलते. तरी एकदा तिसरीतल्या मुलाने विचारलंच. मी नेहमीसारखं सांगत होते की जनावर जखमी दिसलं तर वनखात्याला फोन करा. तो म्हणाला, “आनी आमची गाय मेली जाल्यार कोणाक फोन करपाचो?”

शिक्षक पुढे होऊन त्याला खाली बसवू लागले. मी म्हटलं, राहू द्या. फोन वनखात्यालाच करायचा, पंचनामा होतो, भरपाई मिळते. “केन्ना?” त्याने विचारलं. केव्हा, ते मला सांगता आलं नाही. त्या दिवशी मी दोरी, खडू सगळं पिशवीतच ठेवलं आणि उरलेला वेळ त्याच्याकडून गाईविषयी ऐकलं. तिचं नाव तांबू होतं. ती कदंबाच्या सरकारी बसमागे धावायची.

ही गाय आता माझ्या पुढच्या पुस्तकात आहे. वाघ त्यात आहे की नाही, ते अजून ठरलेलं नाही. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं.

गेल्या महिन्यात पेडण्यात होते. दुसरी आवृत्ती संपत आलीय, म्हणून जुन्या प्रतीच घेऊन गेले. चुकलेलं पान शोधा, म्हटल्यावर मुलांनी नेहमीप्रमाणे पान १४ पटकन काढलं. दूध, कापूस, सगळं सांगून झालं. मी पुस्तक मिटायला लागले तर चौथीतली एक मुलगी उठली. “अजून एक आहे. पान ९.”

पान ९ वर बुलबुलाचं घरटं आहे. माडाच्या शेंड्यावर, झावळ्यांत, मागे समुद्र. चित्रकार पुण्याचा, गोवा म्हटल्यावर त्याला माड काढावासा वाटला असणार. मी ते चित्र किमान दोनशे वेळा पाहिलं असेल.

“बुलबुल माडार घोंटेर बांदना,” ती म्हणाली, म्हणजे माडावर नाही, खाली झुडपात. “सकयल बांदता. आमच्या करवंदीच्या झाळींत आसा. हांवें पळयलां.” आणि मग माझ्याकडे रोखून बघत, “दूरच्यान.”

दुसऱ्या आवृत्तीची माझी एक प्रत पिशवीत होती, ती काढून पाहिली. त्यातही माडच होता. तिने पेन्सिल मागितली.